एकाच बीमवरची तीन पोरं

मी एक जुनं टेबल आहे, साड्यांच्या घड्या घालायचं. मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही नाक मुरडाल. माझा एक पाय आखूड आहे, कडेला ठोकलेली मीटरची पितळी पट्टी झिजलेली आहे आणि अंगभर गोंदाचे डाग आहेत. असू देत. मला कुणाच्या दिवाणखान्यात मिरवायचं नाही. मला तुम्हाला हर्षदाबद्दल सांगायचं आहे. पण आमच्यासारख्यांनी आधी आपलं जन्मापासूनचं सांगायचं अशी रीत पडली आहे, म्हणून थोडं माझंही ऐका.

आंब्याच्या फळ्यांपासून सुरतेतल्या एका सुतारानं मला घडवलं. तिथून मी थेट कापडबाजारात गेलं, बन्सीलाल शेठच्या दुकानात. काय दिवस होते ते! सकाळी साड्यांचे गठ्ठे सुटायचे, पट्टीवर कापड मोजलं जायचं, पटापट घड्या पडायच्या. शेठ माझ्यावरून तळहात फिरवून म्हणायचे, "आ टेबल तो मारो जूनो भागीदार छे." मग दुकानात काच आली, चकचकीत पत्रा आला आणि भागीदाराची रवानगी झाली जिन्याखाली. वर पाण्याची टाकी गळत होती. माझा एक पाय कुजला, तो खालून कापावा लागला आणि मी कायमचं डुगडुगतं झालं.

तिथून मला उचललं भिकननं. भिकन म्हणजे लूमवरचा, यंत्रमागावरचा कारागीर, मूळचा अमळनेरकडचा. वर्षानुवर्षं सुरतेतल्या उधन्यात काम करायचा. मग त्याच्या मालकानं कारखाना हलवला शहराबाहेर, चलथाणच्या बाजूला. कारखाना गेला तिकडे भिकन गेला, त्याची बायको सरलाबाई गेली आणि तीन पोरं गेली. थोरली हर्षदा, मधला चेतन, धाकटी पल्लवी. हर्षदा उधन्यात मराठी शाळेत आठवी झालेली, वर्गात कायम पहिली. चेतन तिसरी झालेला. पल्लवीनं अजून शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं.

नव्या जागी मराठी शाळाच नव्हती. जवळच्या गुजराती शाळेत भिकन तिघांना घेऊन गेला. तिथले सर म्हणाले, मोठीला गुजराती लिहिता येत नाही, तिला पाचवीत बसवावं लागेल, हळूहळू वर चढवू. पाचवीत! हर्षदा त्या वर्गाच्या दारात जाऊन आली. कमरेएवढ्या पोरांनी तिला नवीन बाई समजून उभं राहून नमस्ते केलं. ती रडत घरी आली. भिकनचा संताप संताप झाला. "मन्ही पोर पाचवीमा बसनार नही!" तो गरजला, आणि त्यानं तिघांनाही घरी बसवलं. हे सगळं मी नंतर घरात ऐकलं, पण हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. मला तर ते विसरताच येत नाही.

घरी शिकवायचं ठरलं म्हणून घरात टेबल हवं होतं, आणि असं माझं नशीब पुन्हा उघडलं. सरलाबाईनं मला ओल्या फडक्यानं पुसलं, हळदीकुंकू लावलं. आखूड पायाखाली घड्या घालून जाड केलेला पुठ्ठा सरकवला. तो पुठ्ठा दर थोड्या दिवसांनी चेपायचा आणि मी पुन्हा डुगडुगायचं. पोरं त्यावर हसायची. मला त्याचं काही वाटायचं नाही.

मग सुरू झाली खरी पंचाईत. शिकवायचं, पण काय? एका दुपारी माझ्यावर सगळा बाजार मांडला होता. हर्षदाचा मामा, प्रशांत, अमळनेरहून पिशवी भरून मराठी पुस्तकं घेऊन आला होता. नववीची, चौथीची, पहिलीची, प्रत्येक गठ्ठा सुतळीनं वेगळा बांधलेला. शेजारच्या कलाबाईंनी आपल्या नातवाची गुजराती पुस्तकं आणून ठेवली होती. कुणीतरी दिलेली गुळगुळीत इंग्रजी पुस्तकं होती, त्यांत बर्फाची घरं आणि कधी न पाहिलेली फळं. आणि सरलाबाईच्या फोनमध्ये एक बाई सारखी हसत सांगत होती, सगळ्या वयांसाठी एकच कोर्स, आजच घ्या. सरलाबाई बिचारी एक उचलायची, दुसरं ठेवायची. तिची स्वतःची शाळा सातवीत सुटलेली. "भाऊ, तूच सांग ना," ती भावाला म्हणाली, "मना तर डोकामा काही शिरत नही."

प्रशांतनं नीट समजावलं. "ताई, तिघांना तीन वेगवेगळे अभ्यास लागतील. पल्लवीला आत्ता पुस्तकाची घाई नको, गोष्टी सांग, मोजायला शिकव. चेतनला चौथीचं. आणि हर्षदाला नववीचं चांगलं पक्कं करून घेऊ, मग ती अमळनेरहून बाहेरून दहावीला बसेल. मी करतो सगळी व्यवस्था. पोरगी हुशार आहे, तिचं वाया जाऊ देऊ नका."

हर्षदा माझ्या कोपऱ्याशी उभी होती. तिनं नववीचा गठ्ठा हळूच आपल्याकडे ओढून घेतला. माझ्या पट्टीवर तिची बोटं घट्ट आवळलेली मला जाणवत होती.

पण भिकन विचार करत होता लूमवाल्यासारखा. लूमवर ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा जो मोठा रूळ असतो त्याला बीम म्हणतात. एक बीम चढवला की एकामागून एक साड्या विणल्या जातात, प्रत्येक साडीसाठी नवा बीम कुणी चढवत नाही. तो म्हणाला, "येकच बीमवर सम्द्या साड्या निंघतस. मंग तीन पोरेसले तीन पुस्तके कसाले? मधलं लेवो, चौथीनं. धाकली ऐकी ऐकी शिकी. थोरलीनी उजळनी व्हई."

"आनी हर्षदानी नववी?" सरलाबाईनं विचारलं.

"ती हुशार शे. ती आपोआप शिकी लेई."

हाय रे दैवा! मी आयुष्यभर साड्या पाहिल्यात. एका बीमवर सगळ्या साड्या निघतात, कारण त्या सगळ्या एकसारख्याच असतात. तुझी पोरं एकसारखी आहेत का रे, भिकन? मला तोंड असतं तर मी ओरडलं असतं. माझ्याकडे फक्त एक आखूड पाय होता, तो मी जरासा डुगडुगवला. हर्षदानं वाकून पुठ्ठा सारखा केला.

भिकन वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. पोरांनी शिकावं म्हणून तो जीव टाकायचा. सरलाबाईचंही काय चुकलं? एक बाई, तीन पोरं, स्वयंपाक आणि वर साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम. तिला एकच पुस्तक सोपं वाटलं. नववीचा गठ्ठा तसाच बांधलेला माझ्याखाली गेला.

सुरुवातीला सगळं झकास वाटलं. सकाळी तिघं माझ्याभोवती बसायची. आईला वेळ नसायचा म्हणून हर्षदाच शिकवायची. माझ्या पट्टीवर चेतनला तिनं अपूर्णांक असा शिकवला की मलासुद्धा समजला. अर्धा मीटर, पाव मीटर, पाऊण मीटर. "दीदी, ये तो एकदम इझी है!" चेतन टाळ्या पिटायचा. कलाबाई दारातून कौतुक करायच्या, "काय गुणाची पोर आहे हो!" भिकन घरी आला की डोक्यातला कापूस झटकत विचारायचा, "शिकनात का रे?" आणि तिघं एका सुरात चौथीची कविता म्हणून दाखवायची. त्या सुरात नववीची मुलगी होती. ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

दिवाळीला प्रशांत आला. पल्लवीनं मोठ्या ऐटीत पुस्तक उघडून चौथीचा धडा घडाघडा वाचला. सगळे हसू लागले, कारण पुस्तक उलटं धरलेलं होतं. हसता हसता प्रशांत थांबला. त्यानं तिला बोटानं एक अक्षर दाखवलं, मग दुसरं. तिला एकही येत नव्हतं. पोरीनं सगळं ऐकून पाठ केलं होतं.

मग पहिलीचं पुस्तक निघालं. ते कोण शिकवणार? हर्षदाच. सकाळी पल्लवीला अक्षरं, मग चेतनला गणित, दुपारी आईला टिकल्यांना हात. माझ्या अर्ध्या अंगावर आता साड्या पसरायला लागल्या. मग अर्ध्याहून जास्त. कधी घर शांत असलं की हर्षदा माझ्याखालचा गठ्ठा ओढायची, सुतळीच्या गाठीला हात घालायची. तेवढ्यात हाक यायची, "ताई, हे कसं?" किंवा "हर्षू, गोंद सुकस!" ती गठ्ठा परत सरकवायची. मला तिचा राग यायचा. अगं, एकदा तरी म्हण की आत्ता नाही, आत्ता मी शिकतेय! पण ती कधीच म्हणाली नाही. थोरल्या बहिणीला तसं म्हणायला कुणी शिकवतच नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात प्रशांत पुन्हा आला, तिला न्यायला. "चल बाई, आता दहावीची तयारी. माझ्याच घरी राहा." सरलाबाईनं तिची पिशवीसुद्धा भरली होती. जायच्या आधी सहज म्हणून त्यानं गठ्ठ्यातलं बीजगणिताचं पुस्तक सुतळीतून उपसलं आणि एक समीकरण माझ्यावर लिहून दिलं. हर्षदानं पेन्सिल धरली. ती बघत राहिली. पेन्सिलीचं टोक माझ्या लाकडावर टेकलेलं होतं, ते पुढे सरकलंच नाही. त्यानं आठवीतलं सोपं उदाहरण दिलं. तेही अर्ध्यात अडलं. मग तिनं मान वर केली आणि अगदी हळू म्हणाली, "मामा, चौथीचं विचारा ना. चौथीचं मला सगळं येतं."

प्रशांतनं पुस्तक मिटून गठ्ठ्यात परत खोचलं. भिकन नुकताच पाळीवरून येऊन दारात उभा होता. त्यानं ऐकलं. तो उंबऱ्यावरच खाली बसला. "मी तर तिले पाचवीमा बसू दिधं नव्हतं," तो म्हणाला. सरलाबाई तोंडाला पदर लावून आत गेली.

प्रशांत पुष्कळ म्हणाला, चल तरी, आपण पुन्हा पहिल्यापासून करू. हर्षदाच नको म्हणाली. तिला वाटलं, तिथं मामाच्या पोरांपुढे आपली फजिती होईल. "पुढच्या वर्षी बघू," सरलाबाई म्हणाली. हे पुढचं वर्ष काही येत नाही, मित्रांनो. निदान माझ्या पाहण्यात तरी आलेलं नाही.

जूनमध्ये चेतन आणि पल्लवी त्याच गुजराती शाळेत गेले. दोघं लहान, दोघं रुळले. आता घरातसुद्धा गुजरातीत भांडतात. सकाळी दप्तरं पाठीला लावून ती पळतात आणि हर्षदा माझ्याजवळ येऊन बसते. माझ्यावर आता एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फक्त साड्या असतात. ती खडे लावते, ओळीनं, एकसारखे. हात फार सुरेख आहे तिचा. काम देणारा ठेकेदार खूश आहे.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला उपदेश करायचा अधिकार नाही. तरी विनवतं. तुमच्या घरात तीन भावंडं असतील, तर तीन पुस्तकं उघडा. आणि जी आपोआप शिकेल असं सगळे म्हणतात ना, तिचं पुस्तक सगळ्यात आधी उघडा.

परवा काम करताना मी फार हलायला लागलं. खडा जागेवर बसेना. पुठ्ठा कधीच चुरगळून गेला होता. हर्षदानं इकडेतिकडे पाहिलं. मग तिनं माझ्याखालून नववीचा गठ्ठा ओढला, त्यावरची धूळ झटकली. मला वाटलं, आली! आता गाठ सोडते! तिनं गठ्ठा दोन्ही हातांनी कपाळाला लावला, पुस्तकाला पाय लागल्यावर आपण नमस्कार करतो ना, तसा. आणि माझा आखूड पाय उचलून गठ्ठा त्याखाली सरकवला.

आता मी अजिबात डुगडुगत नाही.