शेवटचा रकाना वाचा ना!

मी वही बोलतेय. नोट्सची वही समजू नका हं! मुलुंडच्या एका कॉलेजातली मी मेंटॉर वही. म्हणजे वीस पोरांमागे एक शिक्षक, आणि त्यांची विचारपूस लिहून ठेवायला मी. ऐकायला झकास वाटतं ना? माझी काय दशा झाली, ती ऐका आता.

जुलैत स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने छापील पानं बांधली आणि मला लाल पुठ्ठा चढवला. प्रत्येक पोराला एक पान. वर नाव नि फोन नंबर, मध्ये भेटीच्या सहा ओळी आणि तळाला शेवटचा रकाना, 'माझी अडचण'. पहिल्याच दिवशी रोल नंबर एकेचाळीस ते साठ मला बाकावर आडवी टाकून लिहायला लागले. कोणी 'काही नाही' लिहिलं, कोणी चक्क बदाम काढला. सत्तेचाळीस नंबरचा सम्यक मात्र बराच वेळ पेन चावत बसला. मग त्याने लिहिलं, 'मॅडम, इंग्लिशमधून शिकवलेलं डोक्यावरून जातं. विचारायला लाज वाटते. कोणाला भेटू?'

मला वाटलं, आता मॅडम वाचणार! जया मॅडमनी मला उचललं आणि कपाटात ठेवलं. वाईट नाहीत हो त्या. तासिका तत्त्वावर नेमलेल्या, सकाळी इथे, दुपारी घाटकोपरच्या कॉलेजात. वर्गात शंभर पोरं आणि बसायला स्वतःची खुर्ची नाही. पण म्हणून सात महिने? सम्यकचं ते पान पोटात घेऊन मी नुसती तळमळत होते.

फेब्रुवारीत एकदम धावपळ उडाली. सोमवारी तपासणी समिती येणार! शुक्रवारी मॅडमनी मला बाहेर काढून झटकलं आणि आमच्याकडची जुनी रीत सुरू झाली. सहा भेटी एका बैठकीत लिहायच्या. कधी निळं पेन, कधी काळं, मध्येच जेल पेन, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसतं. 'चर्चा केली. प्रगती समाधानकारक.' वीस पोरं, सहा-सहा वेळा! अंगावर काटा येत होता माझ्या, पण वहीला ओरडता कुठे येतं?

मग पोरांना सह्यांसाठी बोलावलं. सत्तेचाळीस काही आला नाही.

"सपना, तू करून टाक गं त्याची सही," मॅडम मान वर न करता म्हणाल्या.

सपना सम्यकच्या नाहूरच्या चाळीतली. तिने पेन घेतलं आणि तशीच उभी राहिली.

"मॅडम, तो जानेवारीपासून येतच नाही. दोन विषयांत नापास झाला, केटी लागली ना. वर्ष गेलं म्हणतो. भांडुपच्या गोडाऊनमध्ये पार्सलं उचलतो आता."

"वर्ष गेलं? असं कोणी सांगितलं त्याला?"

"कोणीच काही सांगितलं नाही ना मॅडम."

"अगं, त्या दोन विषयांची परीक्षा परत देता येते! फक्त फॉर्म भरायचा असतो." मॅडमनी भिंतीवरची नोटीस पाहिली. "देवा! आज पाच वाजेपर्यंतच आहे."

फोन नंबर शोधायला त्यांनी सम्यकचं पान उघडलं आणि नजर खाली शेवटच्या रकान्यावर गेली. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग माझ्यावर बोट ठेवूनच नंबर लावला.

"सम्यक? जया मॅडम बोलतेय. वर्ष गेलेलं नाही रे तुझं. असशील तसा ये."

घाटकोपरचा तास त्यांनी सोडून दिला. खिडकी बंद करू पाहणाऱ्या क्लार्कसमोर त्या ठाण मांडून उभ्या राहिल्या. पाचला दहा कमी असताना सम्यक धावत आला. घामाघूम झालेला आणि बाहीला पार्सलची चिकटपट्टी तशीच. फॉर्म गेला एकदाचा! माझा जीव भांड्यात पडला.

मग मॅडमनी मला त्याच्यापुढे उघडलं. "हे तू जुलैत लिहिलंस. मी आज वाचलं. चुकलं माझं."

"असू दे ना मॅडम," तो पुटपुटला, पण डोळे भरून आले होते त्याचे.

मॅडमनी त्याच्या पानावरच्या सहाही ओळी खोडल्या आणि खाली लिहिलं, 'आज पहिल्यांदा भेटलो.'

झालं! विभागप्रमुख भडकले. "समितीला ही खाडाखोड दाखवायची?" शनिवारी नवी वही आली, सगळं सुबक उतरवून झालं आणि समितीने तिला 'उत्तम' म्हटलं. मी बाद! आता मी जया मॅडमच्या कापडी पिशवीत डब्याशेजारी राहते. दर बुधवारी सम्यक पुस्तक घेऊन येतो, जिन्यात बसून दोघं मराठीतून धडा उलगडतात. एप्रिलमध्ये त्याची परीक्षा आहे.

तरी मला चैन नाही. बावन्न नंबरची तेजल आहे ना, पहिल्या बाकावरची, सारखी हसणारी, हजेरी पूर्ण असलेली? तिनेही शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात तीन ओळी लिहिल्यात. त्या मी तुम्हाला सांगणार नाही, त्या मॅडमसाठी आहेत. पण मॅडम दर वेळी सत्तेचाळीसचं पान उघडतात आणि मला मिटतात.

मॅडम, अजून फक्त पाच पानं हो. उलटा ना!