मॅडमचे पिवळे गुलाब

दीड वर्ष औषध कंपनीचा एकही माणूस डॉक्टरच्या दारात उभा राहिला नव्हता. सगळं मोबाइलवर. डॉक्टर स्क्रीनवर यायचे, ‘हं, हं’ करायचे आणि बघत बसायचे भलतंच काहीतरी. मग एक दिवस कंपनीचं पत्र आलं, सोमवारपासून बॅगा उचला, प्रत्यक्ष भेटी सुरू! सगळे एमआर, म्हणजे कंपनीचे फिरते प्रतिनिधी, असे खूश, जसं काही कुणी पिंजऱ्याचं दार उघडलंय. एकटा पोपट सोडून.

पोपट हे काही त्याचं खरं नाव नाही, पण खरं नाव आता त्याच्या आईशिवाय कुणी घेत नाही. औषधाची माहिती एका दमात धडाधड म्हणून दाखवायचा, म्हणून पोपट. नाव ठेवलं मामांनी. मामा म्हणजे त्याच कंपनीतले जुने एमआर, बावीस वर्षं तोच एरिया, तेच दवाखाने, तीच खांद्याला लटकून लटकून वाकडी झालेली बॅग. पोपटला बोट धरून सगळं त्यांनीच शिकवलं. कुठे उभं राहायचं, कधी गप्प बसायचं, आणि मुख्य म्हणजे चेहरा कसा वाचायचा. ‘डॉक्टर लिहितो म्हणाला आणि पेनाकडे बघितलं तर लिहील. घड्याळाकडे बघितलं तर विसर.’ आणि मामांचं कधी चुकायचं नाही हो!

तर पोपट खूश का नव्हता? कारण साहेबांनी शुक्रवारीच त्याला फोनवर सांगून टाकलं होतं. दोन एरियांचा एक होणार. माणूस एकच ठेवायचा. तू नाहीतर मामा. सोमवारी मी दोघांबरोबर मोठ्या डॉक्टरांकडे येतो, ज्याचं तिथे वजन दिसेल तो राहील.

आता मोठ्या डॉक्टरांकडे वजन कुणाचं? शेंबडं पोरही सांगेल, मामांचं. आणि का, तर एका तारखेमुळे. मामांच्या खिशात एक वही असायची, त्यात सगळ्या डॉक्टरांच्या घरच्यांचे वाढदिवस. मोठे डॉक्टर बायकोचा वाढदिवस दरवर्षी हमखास विसरायचे. मग मामा सकाळीच पिवळे गुलाब घेऊन हजर. ‘सर, आज घरी लवकर जायचं. मॅडम वाट बघतील.’ डॉक्टर कपाळावर हात मारायचे आणि वर्षभर मामांचीच औषधं लिहायचे. एवढी साधी गोष्ट, पण दुसऱ्या एकाही कंपनीच्या माणसाला ती जमली नाही.

आणि सोमवारी नेमकी तीच तारीख होती.

सकाळी दवाखान्याच्या खाली मामा उभे. निम्मे झालेले. साथीत ते चाळीस दिवस ऑक्सिजनवर होते, नंतर कितीतरी महिने घरात आडवे, हा त्यांचा पहिलाच दिवस. शर्टाच्या कॉलरमध्ये अजून एक मान मावली असती. तोंडाला मास्क आणि हातात, हो, पिवळे गुलाब.

पोपटची नजर फुलांवरच अडकली. कारण मॅडम गेल्या होत्या. मामा ऑक्सिजनवर होते ना, त्याच महिन्यात. कंपनीच्या ग्रुपवर मेसेज आला होता, पण मामांचा मोबाइल तेव्हा हॉस्पिटलच्या कपाटात बंद, आणि नंतर हजारो मेसेजांखाली तो एक कुठला सापडणार. साहेब तर नवीनच, दुसऱ्या विभागातून आलेले. म्हणजे तिघांत हे फक्त पोपटला माहीत होतं.

‘‘काय रे पोपट, बघतोस काय? इतका वाईट दिसतोय का?’’

‘‘छे हो मामा, हिरो दिसताय.’’

‘‘हिरोचा बाप म्हण.’’ मामा हसले आणि हसता हसता खोकले. जिन्याशी पाटी होती, लिफ्ट फक्त पेशंटसाठी. ‘‘घ्या! अर्धा पेशंट तर मी आहेच, अर्ध्या मजल्यापर्यंत तरी सोडा म्हणावं.’’ साहेब दोन-दोन पायऱ्या चढत पुढे गेले. मामा चार पायऱ्या चढायचे, कठड्याला धरून थांबायचे. तिसऱ्या थांब्याला त्यांनी विचारलं, ‘‘बाळा, मधल्या काळात मी जगातच नव्हतो. डॉक्टरांकडे सगळं ठीक ना? मॅडम वगैरे?’’

बस, एक वाक्य सांगायचं होतं. मामा, फुलं खाली ठेवा. एवढंच! पोपटने नाकावरून घसरलेला मास्क वर ओढला, पार डोळ्यांखालपर्यंत.

‘‘सगळं झकास, मामा.’’

मामांनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं. ‘‘ह्या मास्कने आपला धंदाच बुडवला बघ. माणसाचा चेहराच वाचता येत नाही.’’ आणि ते पुढची पायरी चढले.

वर प्लॅस्टिकच्या पडद्यामागे ताई बसलेल्या, नंबर लावणाऱ्या, जुन्याच. मामा दिसल्यावर त्यांचे डोळे चमकले, मग फुलं दिसली आणि त्या खुर्चीतून उठल्याच. ‘‘अहो मामा, फुलं...’’

पोपट इतक्या चपळाईने मध्ये घुसला की बॅग खिडकीवर आपटली. पडद्याला तोंड लावून हळूच म्हणाला, ‘‘ताई, मामांना माहितीये. मॅडमच्या आठवणीतच आणलीत. आता काही बोलू नका, ते रडतील.’’ ताई बिचाऱ्या खाली बसल्या, डोळ्याला पदर लावून. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि पोपटला स्वतःलाच नवल वाटलं की हे किती सोपं आहे.

तिघे आत गेले. डॉक्टर बारीक झाले होते, टेबलावर काचेची भिंत उभी केलेली. ती काच ओलांडून मामांनी गुलाब पुढे केले आणि धापा टाकत, पण हसऱ्या आवाजात म्हणाले, ‘‘सर, आज घरी लवकर जायचं. मॅडम वाट बघतील.’’



डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ‘‘बावीस वर्षं येताय तुम्ही इथे. एवढं कळलं नाही तुम्हाला?’’

‘‘काय, सर?’’

‘‘ती गेली. वर्ष होत आलं.’’

मामांचा हात हवेत तसाच. ‘‘सर, मी... मी हॉस्पिटलमध्ये होतो, ऑक्सिजन...’’

‘‘मीही तिथेच होतो. तिला घेऊन.’’ आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. मग डॉक्टर पोपटकडे वळले. ‘‘तुलाही माहीत नव्हतं?’’

आता बघा कसं अडकलं! नाही म्हणावं तर मामांचा विश्वास राहतो, पण डॉक्टरांच्या लेखी दोघेही सारखेच नालायक. हो म्हणावं तर एरिया आपला, पण मामा तर हातभर अंतरावर उभे. पोपटने किती विचार केला असेल? एक श्वास. त्याने मास्क खाली ओढला, चेहरा नीट दिसावा म्हणून.

‘‘माहीत होतं, सर. त्याच दिवशी मेसेज केला होता मी तुम्हाला. तुम्ही उत्तरही दिलं होतंत.’’

‘‘हो, आठवतंय.’’ डॉक्टर वळून साहेबांना म्हणाले, ‘‘ह्याला पाठवत जा. आणि ती फुलं न्या इथून.’’

साहेबांनी घाईघाईने मान हलवली, दार उघडलं. मामा पोपटच्या उघड्या चेहऱ्याकडे बघत होते. फार वेळ नाही, डॉक्टरकडे बघायचे तितकाच.

बाहेर ताईंनी मामांच्या हातात परत आलेली फुलं बघितली, मग पोपटकडे बघितलं आणि पडदा आतून ओढून घेतला. साहेब जिन्यावरच म्हणाले, ‘‘मामा, आता तब्येत सांभाळा. घरी आराम करा.’’ पोपटच्या पाठीवर थाप मारली आणि खाली पळाले, पुढची मीटिंग होती. मामा उतरतानाही चार पायऱ्यांनी थांबत होते. पोपटला वाटत होतं, बोला, शिव्या द्या, कानाखाली वाजवा! पण मामा कठडा धरून पुढची पायरी चाचपत होते. अगदी खालच्या पायरीवर त्यांनी गुलाब त्याच्या हातात कोंबले.

‘‘परवा तुझ्या आईचा वाढदिवस. पाण्यात ठेव, तोपर्यंत टिकतील.’’

पोपट विसरला होता, दरवर्षीसारखाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने फुलदाणीतले गुलाब सारखे केले. ‘‘तुला आठवलं कसं रे ह्या वर्षी?’’ म्हणाली, खूप खूश होऊन. मग दुपारपर्यंत मोबाइलकडे बघत राहिली. ‘‘मामांचा फोन नाही आला. दर वाढदिवसाला सकाळीच येतो. ते तर ऑक्सिजनवरून उठले तेव्हा पहिला फोन मला केला होता त्यांनी. बरे आहेत ना?’’

पोपट बॅग भरत होता, नव्या एरियाची, दुप्पट जड. त्याचा हात सवयीने नाकाकडे गेला, पण घरात मास्क कुठला!

‘‘झकास आहेत,’’ तो म्हणाला, आणि आई त्याच्या चेहऱ्याकडे बघतच राहिली.