उतू गेलेलं दूध

दुबईत अल क्वोजमध्ये नूरुद्दीन चाचांच्या चाळीवजा इमारतीत दगडूला खाट मिळून तीन दिवस झाले, तरी चादरीची घडी मोडली नव्हती. दगडू झोपायचा दाराबाहेर, पॅसेजमध्ये, पिशवी उशाशी घेऊन.

दगडू गुहागरकडचा, एसीच्या हवेचे पत्र्याचे डक्ट जोडणारा. कंपनी बुडाली, कामगारांना राहायचा तिचा कॅम्प बंद झाला, आणि पाच महिने तो एका गोदामाच्या जिन्याखाली राहिला. आंघोळ मिळेना, म्हणून अल बर्शाला मंजुषाताईंकडे रविवारच्या कीर्तनात पखवाज वाजवायला जाणंही सुटलं. देवाच्या वाद्याला पारोशा हाताने शिवायचं कसं? काम मागायला जावं, तर फोरमन आधी विचारी, "रहता किधर है?" की दगडूची मान खाली.

ताईंचे यजमान विजयकुमार म्हणाले होते, "आधी जॉब, मग खोली." दापोलीचे नूरुद्दीन चाचा हसले होते. "साहेब, माणूस आधी पाठ टेकतो, मग उभा राहतो." डिपॉझिट न घेता त्यांनी खाट दिली, महिना तीनशे दिरहम, म्हणजे आपले सात हजार, तेही पगार सुरू झाल्यावर.

मात्र चाचांचा एक नियम होता. तीन दिवस न वापरलेली खाट पुढच्याची. आणि पुढचा, वली नावाचा सुतार, बॅग घेऊन दारात उभाच होता.

"काय रे, खाट टोचते तुला?" चाचा कडाडले.

"नाय चाचा. नव्या घरात दूध उतू घातल्याशिवाय निजू नये. ते घरच्या बाईनं घालायचं. माझी बाई गुहागरला."

"अरे लेका, बंगला बांधलास की काय? सहा खाटांची खोली ही!"

"म्हणून तर म्हणतो, राहू दे. मी बाहेरच निजतो."

चाचांनी कपाळावर हात मारला आणि ताईंना फोन लावला. ताई तासाभरात दुधाची पिशवी आणि पातेलं घेऊन हजर. सामायिक स्वयंपाकघरात त्यांनी गॅस पेटवला, पातेल्याला कुंकू लावलं आणि हळूच विचारलं, "दगडू, खरं सांग. दुधापायी बाहेर झोपतोस?"

दगडू दुधाकडे बघत म्हणाला, "एकदा आपलं म्हटलं ना ताई, की गेल्यावर जिवाला लागतं. जिन्याखालनं हाकलला, तेव्हा काय वाटलं नाय."

"लागेल तेव्हा लागेल," ताई म्हणाल्या. "आज उतू जाऊ दे."

दूध सरसरून वर आलं आणि काठावरून सांडलं.

"माझा गॅस!" चाचा ओरडले. मग फडकं दगडूच्या अंगावर फेकून म्हणाले, "यल्ला, चल पूस. आपल्या घरातलं आपणच पुसायचं."

दगडूने शेगडी पुसली. ओटाही पुसला, कुणी सांगितलं नसताना. उरलेलं दूध सगळ्यांनी घोटघोट घेतलं. वलीनेही घेतलं, "खलास" म्हणत बॅग उचलली. चाचांनी त्याला खालच्या मजल्यावर नेलं. तिथली एक खाट संध्याकाळी रिकामी होणार होती.

दगडू त्या दुपारी आडवा झाला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी उठला.

सोमवारी एका वर्कशॉपच्या फोरमनने वर न बघताच विचारलं, "रहता किधर है?"

"इधरही, अल क्वोज. रूम नंबर चौदा. खिडकी के पास."

फोरमनने लिहून घेतलं आणि पत्रा कापायची कात्री त्याच्याकडे सरकवली.