मालकिणीकडची दुसरी किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे. जुनी म्हणजे गंजलेली नव्हे, हे आधीच बजावून ठेवते. अस्सल पितळेची आहे मी. हल्लीच्या किल्ल्या बघितल्यात? पत्र्यासारख्या पातळ, जरा जोर दिला की मान टाकतात. मी आजवर कुणापुढे वाकले नाही, आणि आता या वयात वाकेन असे वाटत नाही.

एका लहानशा कारखान्यात जाड चष्म्याच्या कारागिराने कानशीने घासून घासून माझे दात काढले. तुमचे दात पडतात, माझे अजून सगळे शाबूत आहेत. त्याच बैठकीत त्याने माझी बहीणही घडवली. दात तेच, तोंडवळा तोच. आम्हां दोघींना एका कड्यात अडकवून त्याने कुलपाबरोबर विकले. ते कुलूप एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या दाराला बसले, आणि तेच माझे सासर झाले.

त्या घरात मालकीणबाई आणि त्यांचे यजमान राहत. यजमानांचा माझ्यावर फार जीव. घराबाहेर पडताना खिसा चाचपून म्हणायचे, "ही आहे ना, मग सगळं आहे." बाई लगेच म्हणायच्या, "बायको विसरलात तरी चालेल, किल्ली तेवढी विसरू नका." मला ते ऐकून बरे वाटे. खोटे कशाला बोलू, मान मिळाला की कुणालाही बरेच वाटते.

पुढे यजमान गेले. बाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तिसरा मजला चढवेना. दोन गल्ल्या पलीकडे त्यांच्या धाकट्या जावेचे बैठे घर होते, तिथे त्या राहायला गेल्या आणि हे घर भाड्याने दिले. माझी बहीण भाडेकरणीकडे गेली. मी मालकिणीकडची दुसरी किल्ली झाले. दुसरी किल्ली म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा. मला एका खणात टाकले. सोबतीला तुटकी बटणे, बिनसेलची विजेरी आणि पारा उतरलेला तापमापक. असल्या संगतीत माझी वर्षे गेली.

भाडेकरीण शिवणकाम करी. सगळे तिला शिवणबाई म्हणत. नवरा जहाजावर कामाला, घरात ती आणि तिचे सासरे. सासऱ्यांनी उभा जन्म पाणीपुरवठ्यात काढलेला, गावभर पाण्याचे व्हॉल्व्ह उघडले आणि बंद केले. आता ऐकू कमी येत होते आणि नवे काही डोक्यात राहत नव्हते. आधीचे घर सोडले तेव्हा कित्येक महिने ते न्हाणीघर शोधत जिन्यात जाऊन उभे राहत. आता कुठे हे घर त्यांच्या हातापायांच्या ओळखीचे झाले होते. हे सगळे मला खणातून कसे कळले म्हणता? शिवणबाई अधूनमधून येऊन बसायची, मालकीणबाईंना 'काकू' म्हणायची, त्यांच्या झग्याला काज करून द्यायची आणि मन मोकळे करायची. काकूंनी तिला एकदा नाही, दहादा सांगितले होते, "पोरी, तुला हवं तोवर राहा. ते घर तुझंच समज."

शब्द द्यायला काय लागते? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मग काकूंच्या लेकीचा फोन सुरू झाला. ती दूरच्या शहरात. "आई, तुझ्याकडे एकटीकडे कोण बघणार? घर विक आणि माझ्याकडे ये." लेकीचे चुकले असे मी म्हणणार नाही. जाऊबाईही थकल्या होत्या. काकूंनी घर विकायला काढले. त्यांचे घर, त्यांचा हक्क. पण ही गोष्ट शिवणबाईला सांगायची कशी, इथे गाडे अडले. ती आली की काकू हवापाण्याच्या गोष्टी करायच्या आणि ती गेली की डोके धरून बसायच्या. मी खणाच्या फटीतून बघत होते. भीड भिकेची बहीण, दुसरे काय!

घर विकून द्यायला एक एजंट ठरला. त्याला काहीही विचारा, तो म्हणे, "होऊन जाईल." मी त्याचे नावच होऊन-जाईल ठेवले.

"भाडेकरू आहे हो आत," काकू म्हणाल्या.

"होऊन जाईल."

"पण तिला अजून सांगितलं नाही मी."

"मग आत्ता सांगूच नका. ती घरी नसते कधी? मी तेवढ्यात दाखवून येतो. किल्ली आहे ना तुमच्याकडे?"

काकू म्हणाल्या, "मंगळवारी ती कपडे पोचवायला जाते. सासऱ्यांना बागेत बसवून जाते." आणि खण उघडून मला त्याच्या हातावर ठेवले.

इतक्या वर्षांनी मी माझ्या दाराकडे निघाले, पण मन थाऱ्यावर नव्हते. सासुरवाशिणीने मागच्या दाराने सासरी शिरावे तसे वाटत होते. होऊन-जाईलच्या मागे एक नवराबायको जिना चढत होते. बाईच्या हातात मोजपट्टी. त्याने घंटी वाजवली नाही, दार ठोठावले नाही. मला भोकात घातले आणि फिरवले. कुलपाने मला ओळखले, लगेच उघडले. त्या मुक्या जिवाला काय कळणार!

आत सासरे खुर्चीत बसलेले. त्या दिवशी त्यांची चप्पल तुटली होती, म्हणून बागेचे राहिले होते. तीन अनोळखी माणसे घरात बघून म्हातारा घाबरेल असे मला वाटले. तो उलट ताडकन उठला.

"आलात एकदाचे! किती दिवस झाले सांगून! या, आधी न्हाणीघर बघा."

त्यांना वाटले, गळती दुरुस्त करणारे आले! मित्रांनो, पाण्याच्या कामात हयात गेलेला माणूस तो. त्याने त्या नवराबायकोला हाताला धरून सगळे घर फिरवले. इथे भिंतीला ओल आहे, हात लावून बघा. ही खिडकी पावसात लागत नाही. ही फरशी पोकळ वाजते, ऐका. होऊन-जाईल ओरडून सांगत होता, "आजोबा, तुम्ही बसा!" आणि आजोबा म्हणत होते, "नाही नाही, मी दमलो नाही. आणि बाईमाणसाला कशाला आणलंत कामावर? बरं, मोजताय तर नीट मोजा."

ती बाई नवऱ्याला म्हणाली, "रिकामं घर म्हणाला होता ना हा?"

"आणि ओल नाही असंही म्हणाला होता," नवरा म्हणाला.

दोघे तरातरा जिना उतरले. त्यांची समजूत घालत होऊन-जाईलही मागोमाग धावला, आणि मी दारातच लटकत राहिले. बाहेरच्या बाजूला, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाताशी. आत भोळा म्हातारा एकटा. कुणीही यावे आणि मला फिरवावे. तशी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शेवटी जिन्यात शिवणबाईची पावले वाजली. तिने मला पाहिले आणि पायरीवरच थांबली. स्वतःची पिशवी चाचपली. माझी बहीण तिच्याकडेच होती. मग मी कोण, हे तिला कळले. मला उपसून ती धावत आत गेली.

"बाबा! कोण आलं होतं?"

"दुरुस्तीवाले. चांगली माणसं होती, पण हत्यारं आणायला विसरली. कपाट मोजून गेली बघ."

"कपाट कशाला मोजलं?"

"मी काय विचारू? मोजलं."

गळती बघायला आलेला माणूस कपाट मोजत नाही, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. शिवणबाईने सगळीकडे नजर फिरवली. खिडकीतले शिलाई यंत्र, भिंतीला टांगलेले लोकांचे अर्धवट कपडे, सासऱ्यांचा हात फिरून गुळगुळीत झालेली दाराची कड. मग मला मुठीत आवळून तशीच निघाली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ घामाने भिजली होती.

काकूंसमोर टेबलावर तिने मला ठेवले. आदळले नाही. आदळले असते तर बरे झाले असते.

"काकू, ही दाराला राहिली होती."

काकू म्हणाल्या, "अगं, मी सांगणारच होते तुला."

"कधी? सामान जिन्यात आल्यावर?"

"तोंड उघडेना माझं. तू काकू म्हणतेस ना, तेच आड आलं बघ. नुसती भाडेकरू असतीस तर केव्हाच सांगून मोकळी झाले असते."

"म्हणजे परकी असते तर बरं होतं माझं!"

शिवणबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "घर तुमचं आहे, विका. मी कोण अडवणार? पण करार संपायला अजून अवकाश आहे. बाबांना एका दिवसात दुसरीकडे नेलं तर ते हरवतील, घरातल्या घरात हरवतील. मला आधी सांगा. माणसं आणायची तर सांगून आणा. आणि येणाऱ्याला खरं सांगा की आत माणसं राहतात."

काकू रडल्या. पण रडून काम होत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी होऊन-जाईलला बोलावले.

"भाडेकरूसकट कोण घेणार, काकू? तुम्ही तिला जरा समजवा. होऊन जाईल."

"होऊन काय जाईल? म्हाताऱ्याला उघड्या दारात टाकून पळालास ना? यापुढे ती हो म्हणेल त्या वेळीच जायचं, आणि घंटी वाजवायची. जमत नसेल तर वाटेला लाग. किल्ली मिळणार नाही."

तशी बोलायची अक्कल आधीच सुचली असती तर? पण जाऊ द्या. मला त्यांनी पुन्हा खणात टाकले नाही, गळ्यातल्या दोरीला अडकवले. त्यामुळे पुढचे सगळे मला त्यांच्या छातीशी राहून ऐकू आले.

कित्येक माणसे घर बघून गेली. दर वेळी शिवणबाई फोन करून काकूंना सांगायची. कुणी तिच्यासमोरच विचारले, "ह्या कधी जाणार?" जणू ती कोपऱ्यातली टेबलखुर्ची. कुणी म्हणाले, म्हातारा फार मध्ये मध्ये येतो. दाराची घंटी वाजली की तिचा टाका चुकायला लागला. एका गिऱ्हाइकाची बाही तिने उलटी जोडली. अशी चूक तिच्या हातून कधी झाली नव्हती. तिकडे लेक विचारी, "आई, झालं का?" इकडे काकूंना जेवण जाईना. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी गत.

अखेर औषधांच्या दुकानाची मालकीण आली. तिने घर नंतर बघितले, आधी शिवणबाईला विचारले, "तुमचं काय ठरलंय?"

"माझ्या हातात काय आहे?" शिवणबाई म्हणाली.

"हे बघा, गोड बोलून फसवायची नाही मी. माझा मुलगा शिकून परत आला की मला घर लागेल. पण तोवर तुमचा करार आहे तसाच चालू राहील. आणि लागेल तेव्हा भरपूर आधी सांगेन."

गोड नव्हते, पण खरे होते. शिवणबाईने पहिल्यांदा मोकळा श्वास सोडला, अर्धाच. व्यवहार त्याच बाईशी झाला. काकू दुखरे गुडघे घेऊन, कठड्याला धरून तिसरा मजला चढल्या आणि त्यांनी ही बातमी शिवणबाईला तिच्या दारात उभ्या राहून सांगितली. मग गळ्यातून काढून मला औषधवालीच्या हातावर ठेवले.

आता मी तिच्या पर्समध्ये असते, खोकल्याच्या गोळ्यांच्या शेजारी. परवा ती अचानक तिसऱ्या मजल्यावर गेली. हातात मी होते. आत यंत्र जोरात चालू, घंटी कुणाला ऐकू येईना. माझे दात शिवशिवले, एकदा फिरवले की झाले. पण तिने मला मुठीतच ठेवले आणि पुन्हा घंटी वाजवली. मग हाताने ठोठावले. यंत्र थांबले. शिवणबाईने दार उघडले आणि तिची नजर आधी माझ्याकडेच गेली.

"मुलगा येतोय का?" तिने विचारले.

"नाही हो. गळतीवाला उद्या पाठवू का, एवढंच विचारायला आले."

चौकटीला हात टेकून शिवणबाई हसली.

मित्रांनो, आज नाही तरी एक दिवस तो मुलगा येणार आहे. मला ते ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. म्हणून तुम्हांला एवढेच सांगते. तुमच्याकडे कुणाच्या राहत्या घराची किल्ली असेल तर तिला तेल घाला, जपून ठेवा आणि खणातच राहू द्या. आणि कुणाला घर सोडायला सांगायची वेळ आलीच, तर ते सांगायलाही दार ठोठावून जा. आतल्या माणसाने कडी काढेपर्यंत उभे राहायची लाज वाटू देऊ नका.