आबासाठी घेतलेला डबा

मला कुणी शहाणा म्हणू नका. म्हणलं की टाळकं फिरतं माझं. निरगुडसरच्या आमच्या वस्तीवर इलेक्ट्रिकचं काम शिकलेला मी एकटाच, म्हणून लोक फॅनपास्नं मोटरीपर्यंत सगळं माझ्याकडं आणतात आन् 'सोमनाथला लई कळतं' म्हणून जातात. काय कळतं, माती? बापासाठी तळहाताएवढा एक डबा निवडायचा व्हता, तो मला धड निवडता आला न्हाई.

आबा म्हंजी भिमा, माझा बाप. जलमभर मेंढरं राखली, पर पंचक्रोशीत वळख ओव्यांमुळं. चैतात बिरोबाची जत्रा भरली की ढोल उभं राहायचं आन् आबा एक हात कानावर ठेवून ओवी धरायचा. पार घाटघरपास्नं माणसं ऐकायला यायची. आन् त्याच्या ओवीला ढोल कुणाचा? माझा. चौदाव्या वर्सापास्नं. आमच्यात रीतच हाय, आधी ढोल बोलतो, मंग माणूस. ढोल ढिला लागला तर आबा तोंड उघडत नसं. त्यामुळं जत्रंत आमचा ढोल कसा लागला, हीच माझी सगळी मिजास व्हती.

दोन हजार सात साली आबाच्या घशात गाठ निघाली. पुण्याच्या डाक्टरनं सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागंल, जीव वाचंल पर आवाज जाईल. आबा म्हणला, "जत्रा हू द्या, मंग काय कापायचं ते कापा." त्या जत्रंला तो शेवटचा गायला. माझ्याकडं बोटभर एमपीथ्री प्लेअर व्हता, त्यात रेकॉर्डिंगचं बटन व्हतं. ते दाबून मी प्लेअर सदऱ्याच्या खिशात टाकला आन् ढोल गळ्यात अडकवला. खिसा बरोब्बर ढोलावर. आता बोला! आईच्या पदराला बांधला असता तरी चाललं असतं, पर तवा ही अक्कल कुठं गेली व्हती देव जाणे.

आपरेशन झालं. गळ्याला भोक, त्यातनंच श्वास. तोंडातनं एक शबूद न्हाई. आबाचा डावा कान तर कधीच गेला व्हता, माझा ढोल कायम त्याच अंगाला असायचा. उजव्यानं निम्मं-शिम्मं ऐकू यायचं. दवाखान्यातनं घरी आला तसा तो प्लेअरकडं बोट दाखवून मला खुणा करायला लागला, लाव म्हणून. प्लेअरसंगं आलेल्या इअरफोनच्या बारक्या गोळ्या त्याच्या कानात घातल्या, तर मान हलवून न्हाई म्हणला. कानाचं मशीन आणलं, तर ते नुसतं शिट्ट्या मारायचं. आबानं ते काढून देव्हाऱ्यात ठेवलं.

आई, तानूबाई, मला गोठ्यात गाठून म्हणली, "सोम्या, सकाळी उठला की गळ्याला हात लावून बसतो रं तो. आपण कसं गात व्हतो तेच इसरायला लागलोय असं खुणंनं सांगत व्हता मला. एकदा त्याचा आवाज त्याला ऐकव. मंग देव न्हेईना का."

मी म्हणलं, "ऐकवतो. सोडतोय काय!"

मंचरच्या कानाच्या डाक्टरनं आधीच बजावलं व्हतं. उजव्या कानात उरलंय ते जपा, आवाज स्वच्छ द्या, मोठा देऊ नका. मी 'व्हय व्हय' म्हणलं आन् नारायणगावला सावळेरामकडं गेलो. सावळेराम तमाशाच्या फडांना साऊंड लावतो. साठीचा माणूस, बोलणं कमी, कान तिखट. त्यानं समजावून सांगितलं, की त्या बारक्या प्लेअरचा जोर कमी, मोठा हेडफोन त्याला पेलत न्हाई. मधी खिशातला ॲम्प्लिफायर लावायचा, नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारा.

त्याच्याकडं दोन व्हतं. एक पुण्यावरनं आणलेला, काळा कुळकुळीत, निळी लाईट, बाजूला बासचं बटन. दुसरा त्यानं सोता जोडलेला, पानमसाल्याच्या पत्र्याच्या डबीत, वर एक गोल खुंटी आन् बाकी काय न्हाई.

मी आधी काळा लावला. बासचं बटन दाबलं आन् राव, काय सांगू! माझा ढोल असा आला की छाती हालली. जत्रंत उभा असल्यागत वाटलं मला. एवढा चांगला मी वाजवतो हे मलाच ठावं नव्हतं. मी हेडफोन काढून सावळेरामच्या डोक्यावर चढवला. "ऐका भाऊ, ऐका!"

त्यानं ऐकलं, काढून ठेवलं. "ढोल झकास हाय. आबा कुठं हाय?"

"हाय की मागं."

"मागंच हाय. हे डबीतलं ऐक."

मी ऐकलं. त्यात ढोल म्हंजी पत्र्याच्या डब्यावर पोरगं काठी हाणतंय असा. मी पुरतं अर्धा मिनिटसुदीक ऐकलं न्हाई. म्हणलं, "ह्याच्यात काय राम न्हाई."

"सोमनाथ, तुला ढोल ऐकायचाय का आबाचा आवाज?"

झालं, माझं डोस्कं सटकलं. "सावळेरामभाऊ, तमाशाला साऊंड लावणं येगळं आन् आमची ओवी येगळी. ढोल धड न्हाई लागला तर आबा ऐकायचा सुदीक न्हाई. मला शिकवू नका." मी काळा डबा आन् मोठा हेडफोन घेऊन मोटारसायकलला टांग मारली. वाटंत मंचरला थांबून पेढंसुदीक घेतलं. एवढा खूश व्हतो मी.

मेंढरांच्या वाड्याजवळ, त्यांच्या मधीच बाजेवर आबा बसला व्हता. हेडफोन चढवला, बास दाबला, प्लेअर चालू केला. आबा दचकला, मंग हसला. माझ्या पाठीवर थाप टाकली, दोन्ही हातानं हवेत ढोल वाजवून दाखवला. लई भारी, असं खुणंनं म्हणला. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मंग आबा थांबून ऐकत राहिला. दोन मिनिटं, पाच मिनिटं. त्यानं गळ्याला बोट लावलं आन् माझ्याकडं बगून हात पसरला. गाणारा कुठं हाय?

मी खुंटी फिरवली. "आता?" त्याची मान न्हाई म्हणून हालली. आणखी फिरवली. न्हाई. ढोलच वाढला, नुसता ढोल. तवाच मला कळलं व्हतं, खोटं कशाला बोलू? सावळेराम बरोबर हाय हे मला पयल्याच दिवशी कळलं. पर जायचं कसं त्याच्यापुढं? कुठल्या तोंडानं म्हणायचं, तुमचंच खरं निघालं? बटन, खुंटी, हेडफोन उलटा-सुलटा, सगळं करून बगितलं, पर नारायणगावला गेलो न्हाई. मोटारसायकलनं तासाभराची वाट. तेवढी वाट माझ्यानं झाली न्हाई.

आबानं मात्र नाद सोडला न्हाई. त्याला वाटलं आपलाच कान कमी पडतोय. सकाळी मेंढरं सुटली की हेडफोन घालून बसायचा, खुंटी पार शेवटाला. मी बाजंपास्नं चार हातांवर असलो तरी मला माझा ढोल बाहेर ऐकू यायचा. डाक्टरचं बोलणं ध्यानात व्हतं की माझ्या. रोज म्हणायचो, उद्या काढून घेतो. आन् रोज वाटायचं, आज सापडंल त्याला. बॅटऱ्या मीच आणून देत व्हतो.

एकविसाव्या का बाविसाव्या दिवशी आबा माझ्याकडं चालत आला. उजव्या कानाकडं बोट, आन् बोटानं हवेत गोल गोल फिरवलं. कानात शिट्टी वाजतीया. दोन दिवसांनी शिट्टी थांबली. आईनं त्याच्यामागं पितळी आपटली, तो फिरला न्हाई. मंचरच्या डाक्टरनं तपासलं आन् माझ्याकडं बगत इचारलं, "कानाशी मोठा आवाज झाला होता का?"

मी म्हणलं, "न्हाई."

माझी आईबी तिथंच बसली व्हती. ती नुसती माझ्याकडं बगत राहिली. त्यापरीस तिनं चार लोकांत पायतानानं हाणला असता तर बरं वाटलं असतं.

तिला आन् आबाला मंचरच्या स्टँडवर सोडलं आन् मंग गेलो मी नारायणगावला. बैल गेला आन् झोपा केला, दुसरं काय! काय झालं ते मी सांगितलं, तशी सावळेरामनं पानमसाल्याची डबी काढली, प्लेअर जोडला, हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला आन् म्हणला, "ह्या बारीला पुरतं ऐक."

ऐकलं. ढोल मागं, पातळ. आन् पुढं आबा. श्वास घेतलेला कळत व्हता. घसा दुखत असताना त्यानं सूर कसा वर चढवला, कुठं गिळला, कुठं पुन्हा धरला, सगळं. मधी एकदा खोकला आलेला त्यानं ओवीतच जिरवला व्हता. मी शेजारी उभा राहून ढोल बडवत व्हतो आन् ह्यातलं मला जत्रंतबी काही ऐकू आलं नव्हतं. दुकानात, गिऱ्हाईकांसमोर, मी वरडून रडलो. कोण काय म्हणंल ह्याची लाज राहिली नव्हती.

सावळेराम म्हणला, "डाक्टर कधी कधी म्हणत्यात, गेलेलं ऐकू थोडं माघारी येतं. घेऊन जा. लाव त्याला."

मला ते पटलं न्हाई. पर गेलो घेऊन.

आबा बाजेवरच व्हता. आई दारात उभी राहिली. मी आबाच्या डोक्यावर हेडफोन चढवला, पत्र्याची डबी त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं डबीवरनं हात फिरवला, माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडं लई येळ बगितलं. मंग डोळं मिटलं. हळूच मान डोलवायला लागला. एक हात उचलून उजव्या कानापाशी नेला, गाताना न्यायचा तसा. व्हट हालायला लागलं. दोन्ही डोळ्यांतनं पाणी आलं. माझ्याकडं न बगताच त्यानं हात पुढं करून माझं मनगाट दाबलं. सापडला, म्हणून.

"आलं गं माय!" आई दारातनं वरडली. "आलं की रं त्याला ऐकू! सोम्या, आलं!"

ती पळत आली, माझ्या तोंडावरनं हात फिरवून तिनं बोटं मोडली. मी तसाच वाकलेला, प्लेअर माझ्या मुठीत. अंगठा अजून बटनावरच व्हता. मी ओवी चालूच केली नव्हती.

"आलं ना रं?" आईनं पुन्हा इचारलं.

"आलं," म्हणलं.

मंग मी बटन दाबलं. आबाची मान डोलत व्हती तशीच डोलत राहिली.