हुकाखालचा ग्लास

माझी वहिनी टॉवर क्रेन चालवते आणि मी खाली उभी राहून वॉकीटॉकीवर तिला सूचना देते. तिथेही ती मला घरच्यासारखं 'वन्सं' म्हणते. ते सगळ्यांना ऐकू जातं, त्यामुळे साइटवरचे सुतार, वेल्डर, एवढंच काय, आमचे सुरक्षा अधिकारीही मला वन्सं म्हणतात. मी चिडून पाहिलं, उपयोग झाला नाही.

रोज सकाळी पहिलं वजन उचलण्याआधी आमचा एक खेळ असतो. हुकाला दोरीने बोल्ट बांधायचा, खाली पिंपावर अर्धा भरलेला काचेचा ग्लास ठेवायचा, आणि वहिनीने एवढ्या उंचावरून तो बोल्ट ग्लासातल्या पाण्यात सोडायचा. काचेला लागता कामा नये. शेजारच्या क्रेनवाल्याने एकदा करून बघितलं आणि ग्लास फोडला. तेव्हापासून तो आमच्याशी अदबीने बोलतो. मला वहिनीचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. नणंदेने भावजयीचं कौतुक करू नये असा नियम असेल, तर तो मला कुणी सांगितलेला नाही.

मग कंपनीने शिडी चढताना बांधायचे नवे सुरक्षापट्टे आणले. पट्ट्यावर वजनाची मर्यादा छापलेली होती आणि वहिनीचं वजन त्या मर्यादेच्या पुढे होतं. महिनाअखेरीस सगळ्यांचं वजन होईल, जास्त भरलं तर क्रेन दुसऱ्याला, असं ऑफिसने सांगितलं. या क्रेनवर बसण्यासाठी तिने कित्येक वर्षं खाली सळया वाहिल्या होत्या.

तिने व्यायामशाळेच्या काउंटरवरून वजन उतरवायच्या कॅप्सूलची बाटली आणली. वजन भराभर उतरलं, झोपही उडाली. छातीत धडधडायचं, पानावरून उपाशीच उठायची.

"हे काय घेतेस गं?" मी विचारलं.

"झाडपाल्याचं आहे, वन्सं."

"धोत्राही झाडपालाच असतो."

माझा भाऊ म्हणजे भोळा सांब, बायको बारीक होतेय म्हणून खूश.

वजन करायच्या आदल्या दिवशी सकाळी मी ग्लास ठेवला. बोल्ट खाली आला, ग्लासाच्या तोंडाशी पोचला आणि काचेवर टिण्ण वाजला. तिने वर घेतला, पुन्हा सोडला. पुन्हा टिण्ण.

"वन्सं, वारा आहे का?"

पान हलत नव्हतं. जिन्याचा सिमेंटचा तयार भाग साखळीला बांधायचा होता आणि तो घ्यायला वरच्या मजल्यावर माणसं उभी होती. सगळ्यांच्या वॉकीटॉकी चालू. हात तिचा कापतोय हे मला कळलं, आणि तिची क्रेन जाऊ नये म्हणून मी धडधडीत खोटं बोलले.

"आहे वहिनी. बराच आहे. जरा थांबू या."

मग सगळ्या साइटला ऐकू गेलं.

"वाऱ्याच्या नावावर खपवू नका, वन्सं. हात माझा कापतोय. माणसं बाजूला करा, मी खाली येतेय."

काम खोळंबलेलं असताना क्रेनवाला खाली उतरला की त्याचं नाक कापलं गेलं, असं आमच्यात मानतात. दर टप्प्याला पट्टा अडकवत, दम खात ती उतरत होती आणि खाली माझी मान ताठ होत होती.

तिने बाटली सुरक्षा अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून मागचं बारीक लिखाण वाचलं.

"यातला हा अर्क उत्तेजक आहे. विकायलाच बंदी आहे."

"काउंटरवर उघड मांडलं होतं."

"उघड मांडलं म्हणून कायद्यात बसत नाही. आणि हे घेऊन क्रेन चालवली तर परवाना जाऊ शकतो. आज वजन उचललं नाहीत, बरं केलंत."

"आज नाही. पण गेला आठवडाभर घेऊनच चालवली. तेही लिहा."

"ते मी विचारलं नव्हतं."

"मी सांगतेय."

त्यांनी लिहिलं. मी मागे उभी राहून ओठ चावत होते. निघताना वहिनी दारात थांबली.

"साहेब, मोठ्या मापाचा पट्टा मिळत नाही का?"

"मिळतो. कुणी मागितलाच नाही."

"मला लाज वाटली," ती म्हणाली. "आता मागते."

परवाना वाचला, पण डॉक्टरांनी तपासण्या करून हिरवा कंदील देईपर्यंत तिला खाली माझ्याशेजारी उभं राहावं लागलं. त्या काउंटरवरच्या बाटल्या औषध खात्याच्या माणसांनी उचलून नेल्या. तिचं उतरलेलं वजन सव्याज परत आलं. पाठीमागे 'गोळीवाली' म्हणणाऱ्या दोघांना मी असं फैलावर घेतलं की ते आता मला वन्सं म्हणायलाही बिचकतात.

मग एका सकाळी नवा पट्टा आवळून ती शिडी चढली. वारा होता, काम थांबवण्याइतका नाही, पण ताडपत्र्या फडफडत होत्या. मी पिंपावर ग्लास ठेवून मागे सरले. सुतार, वेल्डर, शेजारचा क्रेनवाला, सगळे हातातलं काम सोडून बघत होते. बोल्ट झुलत झुलत आला, ग्लासावर येऊन थबकला, तिने त्याला शांत होऊ दिलं आणि अलगद पाण्यात सोडला. काच वाजली नाही.

"वन्सं, वारा आहे का?"

मी बटण दाबलं.

"आहे, वहिनी. भरपूर आहे."