टेकडीवर पाणी कोण आणायचं?

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची बाटली आहे. स्टीलची, बुडाला दोन पोचे आलेली. आपली जीवनकहाणी शांतपणे, मऊ आवाजात सांगायची असते म्हणतात. मला ते जमणार नाही. मी वैतागलेली आहे, आणि का वैतागले ते तुम्हाला ऐकावंच लागेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा दाबून, वळवून मला दुहेरी भिंतीची केली आणि त्या दोन भिंतींमधली हवा काढून घेतली. जन्माला येताच श्वास काढून घेतात, तरी तक्रार करायची नाही! मग जहाजातून मी अमेरिकेत आले आणि ओहायोमधल्या डब्लिन या गावी एका दुकानात उभी राहिले. तिथून भावनाने मला तिच्या लेकीसाठी घेतलं. लेकीचं नाव मैत्री. तेव्हा ती सॉकर खेळायला नुकतीच लागली होती. मैदानावर सगळ्या मुली माझ्याकडे बघायच्या, मला हातात घेऊन बघायच्या. ते दिवस खरंच सुखाचे होते.

पण पुढे स्ट्रॉवाली बाटली निघाली. मग कडीवाली निघाली. मग गाडीच्या कप होल्डरमध्ये बसणारी निघाली. घरात माणसं तीन, भावना, तिचा नवरा अनुप आणि मैत्री, आणि कपाट उघडलं की अंगावर बाटल्यांचा पाऊस! अहो, प्यायला तोंडं तरी तेवढी आहेत का? मला सगळ्यांच्या मागे ढकललं आणि विसरून गेले.

मला तिथून बाहेर काढलं ईश्वर आजोबांनी. ते अनुपचे वडील, नागपूरला बँकेतून निवृत्त झालेले, लेकाकडे सहा महिन्यांसाठी आले होते. चांगली बाटली टाकून का दिली, असं पुटपुटत त्यांनी मला गरम पाण्याने घासूनपुसून लख्ख केलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या पाठपिशवीच्या कडेच्या खिशात.

आता ऐका माझी पहिली तक्रार. आजोबा नदीकाठच्या बागेत फिरायला जायचे. मी काठोकाठ भरलेली असायची. पण रस्त्यात सार्वजनिक नळ दिसला की आजोबा थांबलेच! वाकायचे, दोन घोट प्यायचे आणि पुढे चालू लागायचे. मी शेजारी भरलेली, गार पाण्याची, आणि हे नळाला तोंड लावतात! माझा नुसता संताप व्हायचा. एकदा मैत्रीनेच विचारलं, आजोबा, व्हाय? तेव्हा त्यांनी तिला बाकावर बसवून सांगितलं. वर्धेकडच्या त्यांच्या गावात त्यांच्या मायला विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. घागर घेऊन ती लांब बसून राहायची. कोणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे, नाही आली तर रिकामी परत. "बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते तहान लागली म्हणून नाही," आजोबा म्हणाले. "सगळ्यांचं पाणी दिसलं की मी पितो. हक्क वापरला नाही तर गंजतो, बेटा." मैत्रीने मान डोलावली. मला तेव्हा ते सगळं काही समजलं नाही, पण मी गप्प बसले.

त्या उन्हाळ्यात फ्रान्सला जायचं ठरलं. भावनाला सुट्टी मिळाली नाही. अनुप, मैत्री आणि आजोबा निघाले, आणि सोबत संजय आणि नेत्रा हे नवरा-बायको. हे दोघे मूळचे पुण्याचे. संजय अनुपच्याच ऑफिसात, त्याच्याहून एक पायरी वर. माणूस हसतमुख. पण पहिल्याच भेटीत त्याने अनुपला विचारलं होतं, आडनावावरून कळत नाही, तुम्ही नक्की कुठले? अनुप म्हणाला, नागपूरचे. ते ठीक आहे, पण मूळचे नक्की कुठले? अनुपने विषय क्रिकेटवर नेला. तेव्हापासून तो विषय क्रिकेटवरच होता.

विमानतळावर माझं पोट रिकामं करायला लावलं, ते वेगळंच. फ्रान्समधलं ते गाव टेकडीच्या अगदी माथ्यावर होतं. दगडी वेस, दगडी गल्ल्या, वर मोडका किल्ला, त्याच्याखाली जुनं चर्च. वेशीवरून खाली पाहिलं की द्राक्षांचे मळे, सूर्यफुलांची शेतं आणि मधून जाणारी नदी. बघत बसावं असं गाव! पण बसू देईल तर तो संजय कसला! सकाळी दहापर्यंत दोन पॉइंट कव्हर झालेच पाहिजेत. चर्च झालं, चला. मठ झाला, चला. अहो, झालं म्हणजे काय? आठशे वर्षं उभं असलेलं चर्च, ते यांच्या दहा मिनिटांत होतं होय?

एकटे आजोबा सावकाश बघायचे. आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचा एकच प्रश्न. किल्ला दाखवणाऱ्या मुलीने तोफा दाखवल्या, तळघर दाखवलं, आणि आजोबांनी विचारलं, एवढ्या उंचावर पाणी कोण आणायचं? तिने सांगितलं की आतली विहीर सरदाराची होती, गावातल्या बायका टेकडीखालच्या झऱ्यावरून घागरी वाहायच्या. मग आजोबांनी विचारलं, झऱ्यावर सगळ्यांना येऊ द्यायचे का? ती मुलगी विचारात पडली. संजय हसून म्हणाला, काका, तुम्हाला पाण्याचंच काय एवढं पडलंय?

मित्रांनो, मी पिशवीतून अनुपचा चेहरा पाहिला. तो पांढराफटक पडला होता. तो घाईघाईने म्हणाला, "बाबांना डायबेटिस आहे ना, सारखी तहान लागते."

डायबेटिस? त्या माणसाला? सकाळी चहात तीन चमचे साखर घालून वर जिलेबी मागणारा माणूस तो! आजोबांनी लेकाकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घातली.

आणि मग सुरू झाली नेत्राची सेवा. बाई मनाने चांगली, हेच तर दुखणं. बेकरीत गेलो की ती आजोबांच्या हातातला जर्दाळूचा केक काढून घ्यायची आणि काकडी द्यायची. फ्रान्समध्ये येऊन काकडी! चहा बिनसाखरेचा. चढ आला की काकांना झेपणार नाही म्हणून आजोबा गाडीत. गावोगावचे किल्ले त्यांनी गाडीच्या काचेतून पाहिले. मी ओरडून सांगणार होते, पण बाटलीचं कोण ऐकतं? अनुप मुकाट्याने बघायचा आणि नजर फिरवायचा. मैत्रीने दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्याने डोळे वटारले. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटच्या दिवशी आजोबा म्हणाले, मला तो खालचा झरा बघायचाय. संजय म्हणाला, तो आपल्या प्लॅनमध्ये नाही. नेत्रा म्हणाली, उतार आहे, शुगर खाली आली तर? अनुप म्हणाला, बाबा, राहू द्या ना. आजोबांनी मला खांद्याला लावलं, मैत्रीचा हात धरला आणि ते उतरायला लागले. मग काय करतात, सगळेच मागून आले.

खाली दगडी कुंड होतं. कडेने कपडे धुवायचे उतरते दगड, घासून घासून मधोमध खळगे पडलेले. भिंतीतल्या तोटीतून पाणी पडत होतं आणि एक म्हातारी गावकरीण तिथे डबा भरत होती. मैत्रीने पाटी फोनवर वाचून सांगितलं, आजोबा, इट्स सेफ. आजोबांनी चपला काढल्या, वाकले आणि ओंजळ धरली. म्हातारीने आपला डबा बाजूला घेऊन त्यांना जागा करून दिली. ते पोटभर प्यायले.

नेत्रा धावतच आली. शुगर असताना हे असलं उघड्यावरचं पाणी काय पिता, असं म्हणून ती अनुपकडे वळली. तू तरी सांग ना त्यांना!

आजोबांनी रुमालाने तोंड पुसलं. "हो अनुप, सांग. मी का प्यायलो ते तूच सांग. तुझ्यासाठी मी इतके दिवस आजारी झालो. आता बस झालं."

अनुप तोटीकडे बघत म्हणाला, "बाबांना डायबेटिस नाही. मी खोटं बोललो. आम्ही बौद्ध आहोत. माझ्या आजीला गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते. बाबा म्हणून विचारतात."

"अरे, मग सांगायचं ना," संजय म्हणाला. "आम्ही असलं काही मानत नाही."

"मानत नाहीस ना? मग पहिल्या भेटीत मला नक्की कुठले, नक्की कुठले, असं का विचारत होतास?"

मैत्री बापाकडे बघत होती. "बाबा, यू वर अशेम्ड ऑफ अस?" तिने विचारलं.

"अशेम्ड नाही गं. घाबरलो होतो," अनुप म्हणाला, आणि तिथेच दगडावर बसला. आजोबा त्याच्या शेजारी बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

डब्लिनला आल्यावर काय झालं म्हणता? अनुप ज्याला घाबरत होता तेच झालं, दुसरं काय! संजय ऑफिसात हाय म्हणून पुढे जायला लागला. शनिवारची बोलावणी बंद झाली. फ्रान्सचे फोटो त्याच्या घरी सगळ्यांना दाखवले गेले, फक्त आम्हाला बोलावणं नव्हतं. मानत नाही म्हणे! अनुप रात्री भावनाला म्हणाला, मी बोललो ते चुकलं का? ती म्हणाली, गप्प राहिलास ते चुकलं होतं.

मग एका दुपारी नेत्रा एकटीच आली. आजोबा स्वयंपाकघरात बसले होते, मी टेबलावर होते. मी मनात म्हटलं, आली परत पथ्य सांगायला. पण ती दारातच उभी राहिली.

"काका, माझ्या आजोळी विहीर आहे, साताऱ्याकडे. दर सुट्टीत आम्ही तिच्यावर खेळायचो. तिथे पाणी कोण भरायचं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. काल आईला फोन करून विचारलं." ती ओढणीने डोळे पुसू लागली. "आई म्हणाली, बायका लांब बसलेल्या असायच्या. आम्ही वरून पाणी वाढायचो त्यांना. वाढायचो म्हणाली, काका. जसं काही मोठं दान केलं."

आजोबांनी खुर्ची पुढे सरकवली. माझं झाकण उघडलं, पेला भरला आणि तिच्यासमोर धरला.

"बस, बेटा. आधी पाणी घे."

नेत्राने त्यांच्या हातून पेला घेतला आणि रडत रडत सगळं पाणी पिऊन टाकलं.

तर मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. दर महिन्याला नवी बाटली आणू नका. जुनीला आतून नीट घासा, पोचे आले म्हणून कपाटात कोंबू नका. आणि कुठल्याही गडावर, गावात, घरात कोणी विचारलं की इथे पाणी कोण भरायचं, तर हसू नका आणि त्याच्या हातात काकडी देऊ नका. पाण्याचं विचारणाऱ्या प्रत्येकाला तहानच लागलेली असते असं नाही. आपल्या घरी फोन लावा आणि तोच प्रश्न विचारा.